पडलेलं आणि मेलेलं

६ जानेवारी १९६९, सोमवार

पोचलो एकदाचा! मिरजेपासून पुढे गाडी इतकी रमतगमत आली की उतरून तिच्या बरोबरीनं चालावं असं वाटायला लागलं. डब्यात शेजारी बसलेल्या आजोबांनी पावणं कुठलं म्हणून चौकशी केली. जळगावचा म्हटल्यावर, एवढ्या लांबनं कशाला आलासा, तिकडं म्हशी न्हाईत काय, असं त्यांनी अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. म्हशी आहेत, पण त्यांच्या डॉक्टरला पगार देणारे मालक नाहीत, असं मी सांगितलं. आजोबा खूश झाले. त्यांनी धोतराच्या सोग्यातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

मालकांचं नाव हंबीरराव. कळंब्याच्या तळ्याजवळ त्यांचा मळा आहे, मोठा म्हशींचा गोठा आहे, आणि मळ्यातच मला राहायला खोली दिली आहे. खोलीला लागून एक रिकामी कोठी आहे, पूर्वी तिच्यात पेंड ठेवत. एका खिडकीतून तळं दिसतं, दुसरीतून लांबवर तुरुंगाची भिंत. गोठ्याचं सगळं गुंडू बघतो. तो माझ्यापेक्षा वयानं दुप्पट आहे आणि आवाजानं चौपट. जेवण रोशनबी नावाच्या बाई करून आणतात. त्यांचे यजमान कुतुबुद्दीन हंबीररावांचे शिकारीतले जुने सोबती. मी खानदेशचा, तिखटाला भीत नाही, अशी फुशारकी मारली आणि पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. रोशनबी पदराआड हसल्या.

जागा आवडली. संध्याकाळी तळ्याला फेऱ्या मारून आलो. आई म्हणते, भालूच्या पायाला भिंगरी आहे. खरं आहे, मला एका जागी बसवत नाही. कॉलेजातही मी पुस्तक हातात घेऊन येरझाऱ्या घालत वाचायचो. चौधरी, तू मेलास तरी तिरडीवरून उठून चार पावलं टाकशील, असं आमचे मास्तर म्हणत. आत्ताही हे उभ्या उभ्याच, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून लिहितो आहे.

९ जानेवारी

म्हशी हे निमित्त होतं. मला खरं कशाला आणलंय ते आज कळलं.

हंबीररावांनी चहाला बोलावलं. साठी उलटलेला, सडसडीत माणूस. शिकाऱ्याचं घर म्हणून भिंतीवर शिंगं असतील असं वाटलं होतं, पण तिथं फक्त घड्याळ होतं. त्यांनी आडवळणं न घेता विचारलं. जन्मभर बंदूक चालवली. एखाद्या जनावराच्या काळजातून गोळी जाते आणि तरी ते दोन बांध ओलांडून पळतं. दुसरं मात्र बार होताच पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं जागच्या जागी बसतं. बंदूक तीच, हात तोच. मग हे असं का? मरायच्या आधी एवढं कळावं, अशी त्यांची इच्छा आहे. म्हणून त्यांना गुरांचा डॉक्टर हवा होता. मारलेलं प्रत्येक जनावर मी उघडून बघायचं आणि गोळीनं आत काय केलं ते सांगायचं.

मी त्यांना म्हटलं, पडताना त्याचे डोळे कसे होते त्यावरूनही काही कळेल. ते म्हणाले, शिकाऱ्यानं डोळ्यात बघायचं नसतं, खांद्यावर नजर ठेवायची. आजवर एकाही जनावराच्या डोळ्यात बघितलेलं नाही. डोळे बघायचं काम कुतुबुद्दीनचं.

मला तर आंधळा मागतो एक डोळा असं झालं. असा विषय कोण देतो नवख्या डॉक्टरला!

१२ जानेवारी, रविवार

परवाना काढून कोडोलीच्या पलीकडच्या डोंगरात गेलो. जीप, हंबीरराव, कुतुबुद्दीन, मी, आणि हाकारे घालायला गावातली माणसं.

उन्हं वर आल्यावर भेकर निघालं. हे हरणाच्या जातीचं लहान जनावर, कुत्र्यासारखं भुंकतं. बार झाला आणि ते उडी मारून पळालं, चांगलं लांबवर. कुतुबुद्दीन सुरी काढून मागे धावले. वय पन्नाशीच्या पुढे, पण धावणं पोराला लाजवेल असं. पोचले तेव्हा ते मेलेलं होतं. त्यांनी सुरी न वापरताच म्यानात घातली. जीव असताना अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरली तरच ते त्यांना चालतं. मग भेकर हाकाऱ्यांना दिलं.

कोडोलीत एका गुऱ्हाळाच्या अंगणात मी ते उघडलं. शेजारी काहिलीत रस उकळत होता, त्या गोड वासात हे काम. काळजाच्या चिंध्या झाल्या होत्या. म्हणजे बार झाला त्याच क्षणी कारभार संपला होता. पण मेंदूत भरलेलं रक्त अजून शिल्लक होतं, आणि त्या शिदोरीवर पाय पळत राहिले.

१९ जानेवारी

आज सांबर मिळालं आणि ते बार होताच जागच्या जागी बसलं. कुतुबुद्दीन पोचले. त्यांनी आधी गवताची एक काडी तोडली आणि सांबराच्या उघड्या बुबुळाला टोकानं हलकेच लावली. पापणी हलली. मग नाव घेऊन त्यांनी सुरी फिरवली. सगळं इतकं चटकन की मला नीट बघताही आलं नाही.

गोळी पाठीच्या कण्याच्या वरून गेली होती. हाड शाबूत, पण धक्क्यानं आतला मज्जारज्जू चेचला गेला होता. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत जाणारी तारच तुटली. परत येताना जीपमध्ये मी हंबीररावांना ऐटीत सांगितलं की आपण आजवर उलटं समजत होतो. जे पळतं ते मेलेलं असतं. जे जागच्या जागी पडतं ते जिवंत असतं, त्याला फक्त हलता येत नाही. दिसतं, ऐकू येतं, आपण जवळ येताना कळतं.

कुतुबुद्दीन मागच्या बाकावरून म्हणाले, म्हून तर पळत जायाचं, डाक्टर. पडल्याला ताटकळत ठिवायचं नसतंय.

ते वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण झोपताना माझा पाय गुंडाळलेल्या चादरीत अडकला आणि मी दचकून उठलो. हलता न येणं, याच्याइतकी वाईट गोष्ट मला सुचत नाही.

२६ जानेवारी, रविवार

वाटेत शाळांतून झेंडे लागलेले होते. आज जे घडलं ते मला अजून उलगडलेलं नाही, आणि म्हणून मी हवेत आहे.

पुन्हा भेकर. बार होताच ते कोसळलं. कुतुबुद्दीनच्या पाठोपाठ मीही धावलो. गोळीनं ढुंगणावरची नुसती कातडी खरवडली होती. रक्त चार थेंब. कण्याच्या आसपासही काही नाही. मग ते पडलं का? कुतुबुद्दीननी काडी लावली, पापणी मिटली, उघडली. त्यांनी सुरी काढली आणि मी त्यांचं मनगट धरलं.

मला ते जिवंत हवं होतं. मेल्यावर उघडून काय कळणार? तार कुठे तुटली ते जिवंतपणीच शोधायला हवं. कुतुबुद्दीननी मनगट सोडवून घेतलं नाही. म्हणाले, नगा, डाक्टर. सुरीची वाट बघतंय त्ये. त्येला असं ठिवलासा तर त्ये जायाचं न्हाय. मी हंबीररावांकडे पाहिलं. त्यांनी भेकराकडे पाठ करून सांगितलं, डॉक्टरांना बघू दे.

कुतुबुद्दीननी कोरडीच सुरी सदऱ्याला पुसली. जीपमध्ये बसले नाहीत, चालत कोडोलीला गेले, एसटीनं येतो म्हणाले. इतकं मनाला लावून घ्यायचं काय कारण?

२८ जानेवारी

भेकर शेजारच्या कोठीत गवतावर ठेवलं आहे. टाचणी टोचून बघितली, एकही पाय हलत नाही. पाणी घालून बघितलं, तोंडातून बाहेर ओघळलं. काल नळी लावून काळीज ऐकू येत होतं, आज येत नाही. नाकापुढे कापूस धरला, हलला नाही. मेलं म्हणून मी काडी लावली.

पापणी हलली.

मी कोठीत फेऱ्या मारत विचार करतो तेव्हा त्याची बुबुळं माझ्याबरोबर फिरतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि परत. हंबीरराव दारापर्यंत आले, त्याच्या पाठीकडे बघत सगळं ऐकून घेतलं आणि समाधानानं गेले. मला समाधान नाही. जेवताना मध्येच उठून दोनदा बघून आलो.

३० जानेवारी

मळ्यातली मांजर कोठीच्या उंबऱ्यात आली, आत बघितलं आणि आडवी झाली. साप चावला म्हणावं तर खूण नाही. काळीज ऐकू येईना. पापणी हलत होती.

दुपारी गुंडू एक दुभती म्हैस पाण्यावरून आणत होता. कोठीचं दार उघडं होतं. तिनं मान वळवली आणि एवढं मोठं धूड जागच्या जागी बसलं. गुंडूनं ठोठो बोंब मारली. माणसं आली, मेली म्हणाली आणि कातड्यासाठी ओढून घेऊन गेली. तिचा डोळा मला दिसत होता. मी काडी लावली नाही. लावली असती तर काय दिसलं असतं ते मला ठाऊक होतं, आणि मग कारण सांगावं लागलं असतं.

त्यानंतर कोठीत जाऊन भेकराला सुई टोचली. म्हशीला पुरेल एवढं विष दिलं. नंतर बघितलं तर बुबुळं माझ्याकडेच.

गुंडू काम सोडून गेला. जनावर न्हवं त्ये, म्हणाला.

१ फेब्रुवारी

उजव्या पायाची करंगळी कळत नाही. चपलेचा अंगठा दाबून बसला असेल.

भेकराच्या डोळ्यांवर पोतं टाकलं होतं. पण जिवंत आहे की नाही ते बघायला काढावं लागतं. सकाळी काढलं, चहाच्या आधी काढलं, चहानंतर काढलं. बघितल्याशिवाय राहवत नाही. दोन ठिकाणी बसून बघितलं, उभं राहून बघितलं, तळ्यावर निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो.

मोठा सुरा घेऊन आत गेलो होतो, संपवावं म्हणून. त्यानं बघितलं आणि माझं मनगट लुळं पडलं. सुरा खाली. बाहेर आल्यावर हात परत आला, पण बोटांना मुंग्या आहेत.

बाकीचे एका नजरेत पडले. मी मात्र थोडा थोडा. मी त्याला ताटकळत ठेवलं, तसंच—

पुढचं लिहू नये हे बरं.

३ फेब्रुवारी, सोमवार

भर दुपारी कुतुबुद्दीन आले. चालत, डोक्याला फडकं बांधून. म्हणाले, डाक्टर, बास झालं, आता मला त्येला सोडवू द्या. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. वर बघू नका, डोळ्यात बघू नका, असंही सांगितलं. पण त्यांचा हात जन्माचा सवयीचा. त्यांनी आधी गवताची काडी तोडली. काडी लावायची म्हणजे डोळ्यात बघायलाच हवं.

उंबऱ्यातच पडले. आवाजसुद्धा नाही.

हंबीररावांनी जीपमधून एक डॉक्टर आणले. त्यांनी नळी लावली, मनगट धरलं, हृदय बंद पडलं म्हणाले. घरी नेलं. रोशनबी भिंतीला डोकं आपटत होत्या. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दफन ठरलं.

शेवटचं तोंड बघायला अंगणात रांग होती, मीही होतो. त्यांची ती काडी अजून माझ्या हातात होती, कशी कोण जाणे. मी वाकलो. दोन बोटांनी त्यांची पापणी उचलली आणि कोणाला दिसणार नाही अशी काडी लावली.

४ फेब्रुवारी

हलली.

पापणी हलली. वाऱ्यानं नाही. वारा नव्हता.

मी बोललो नाही. मेले म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. चौघे उचलायला उभे होते. मी ढोरांचा डॉक्टर, परगावचा. आणि बोललो असतो तर विचारलं असतं, तुला कसं माहीत. सुरी कोणी अडवली ते सांगावं लागलं असतं. आधी घसा खाकरला, तेवढ्यात उचललं. मग वाटलं, वाटेत सांगू. मग कबरस्तानाच्या फाटकात सांगू म्हटलं. मग माती टाकायला सुरुवात—

मीही मूठभर टाकली.

हंबीररावांचा निरोप आलाय. कोठीतल्या जनावराबद्दल तोंड उघडू नका, मळ्याचं नाव जाईल.

उजवा पाय घोट्यापर्यंत गेला. काठी धरून येरझाऱ्या घालतो आहे. थांबलो की वर चढतं.

५ फेब्रुवारी

रोशनबी जेवणाचे डबे न्यायला आल्या. त्यांना सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवलंच नाही. सुरी, भेकर, काडी, पापणी. हे ऐकताना त्या हळूहळू खाली बसल्या.

रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, तवा का बोलला न्हाईसा?

मी काठी टेकत आणखी एक फेरी घातली.

मग त्यांना माझं सांगितलं. मीही पडेन. बाहेरनं मेलेला दिसेन. डॉक्टर मेला म्हणेल. तेव्हा तुम्ही काडी लावा, पापणी हलेल, सगळ्यांना ओरडून सांगा. दुसऱ्या कोणाला हे माहीत नाही. निदान माझी आई येईस्तोवर थांबायला सांगा. आमच्यात पुरत नाहीत, रोशनबी. जाळतात.

त्या उठल्या. म्हणाल्या, जुम्म्याला येते. त्यांची सुरी हाय माझ्याकडं. त्येनी जे करायला आलते त्ये मी करते.

काडीचं काही बोलल्या नाहीत. डबे तिथंच राहिले. खिडकीतून बघितलं. घराकडं नाही गेल्या. कबरस्तानाच्या वाटेनं गेल्या, पळत.

६ फेब्रुवारी

कबरस्तानात रोशनबींना काय दिसलं असेल ते— नाही.

दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत. टेबलाला धरून उभं राहिलो, पडलो. मी बसूनच आहे. मी! बसून!

कोठीकडं बघत नाही. भिंत मध्ये आहे. तरी कळतं की ते इकडंच बघतंय.

कळंब्याच्या रस्त्यानं गाड्या जातात. हाक मारली. आवाज खोलीतच.

उद्या शुक्रवार. ते सुटलं की मीही सुटेन. तसंच असायला हवं. शास्त्रानं नसलं तरी न्यायानं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कमरेखाली काही नाही. डावा हात सकाळी गेला. वही मांडीवर आहे, मांडी कळत नाही.

दारासमोरच टेकून बसलोय. शेजारी काडी ठेवलीय. डोळे उघडे ठेवायचे. मिटले तर कोण बघणार—

रोशनबी आली.

पदर नाकापर्यंत ओढून कोठीत गेली. चाचपडत. अल्लाचं नाव ऐकू आलं. भेकर ओरडलं. एकदाच, मोठ्यानं. मग शांत. कोठीतून कोणी बघत नाही आता. सुटलं ते.

पाय हलवले.

हलले नाहीत. परत हलवले—

ती दारात उभी. सुरी धुतलेली. पदर मागे सारलाय, माझ्या डोळ्यात बघतेय. हाक मारली. ओठ हलत नाहीत.

वाकली. काडी उचलली तिनं. देव भलं करो. आठवतंय तिला.

फाटकात जीप. हंबीरराव. बरोबर तेच डॉक्टर, तीच नळी.

रोशनबी, लाव. आत्ता लाव, ते यायच्या आत— बोटं जाताहेत—

ती काडीकडं बघते. माझ्याकडं बघते. विचारतील ते आता. सांगेल ती. सांगेल ना? का मी कबरस्तानात सांगितलं तेवढंच ती—